मोंबासाच्या आधीची सुई

केरू बंडबे यांना नुसतं केरू म्हणणारं माणूस कोंडव्यात आता उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना देवी डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. आरोग्य खात्यात देवी टोचणारे म्हणून लागले, सदतीस वर्षं रत्नागिरीच्या आतल्या वाड्यावाड्यांतून कातळाचे सडे तुडवत हिंडले, आणि देवीचा रोग देशातून गेला तेव्हा खात्यानं त्यांच्या हातात दुसऱ्या लशी दिल्या. पंच्याऐंशी साली हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन ते घरी बसले. पण पंचक्रोशीत कुणीही बाही वर केली, की दंडावर त्यांचीच सही दिसायची.

टोचण्याची त्यांची एक रीत होती. पोराला मांडीवर घ्यायचं आणि म्हणायचं, “मीट डोळे. मिटलेस? आता तू बोटीत बसलास हां. बोट जयगडाच्या खाडीतून भायेर पडली. भोंगा ऐकलास? नाय? मग नीट ऐक की!” पोर भोंगा ऐकायला कान टवकारायचं तेवढ्यात काम झालेलं असायचं. मग रडं. पण तोवर देवी डॉक्टर शेजारच्या अंगणात.

गंमत म्हणजे देवी डॉक्टर स्वतः जयगडाची खाडी ओलांडणाऱ्या तरीपलीकडे पाण्यावर कधी गेले नव्हते. तरीही त्यांची बोट मात्र दरवर्षी थोडी पुढे जायची. शाळांच्या भिंतींवर टांगलेल्या नकाशांतून त्यांनी नावं गोळा केली होती. एका साली बोट कराचीला लागली, पुढच्या साली एडनला, मग मोंबासा, झांजीबार, सेशेल्स बेटांतलं माहे. ही नावं ते एकटे चालताना मोठ्यानं म्हणत. उन्हात तापलेल्या कातळावरून चालताना लांबवर हवा हलताना दिसते ना, तिथं त्यांना पाणी दिसायचं, पाण्यात माड, माडांखाली काळी, उंच, पांढरी वस्त्रं नेसलेली माणसं. ती माणसं त्यांना हाका मारायची. कुठल्या भाषेत ते कळायचं नाही, पण हाका आपल्यालाच आहेत हे कळायचं.

त्यांची बहीण जनी आणि तिचा नवरा दोघं एकाच वर्षात गेले, तेव्हा भाचा बाबल्या सहा वर्षांचा होता. तो मामाकडे आला. टोचून झाल्यावर न रडता डोळे उघडून, “मामा, म्होरं बोट खय गेली?” असं विचारणारा सबंध जिल्ह्यात तो एकच. पुढं तो मुंबईला गेला, हॉटेलात भांडी घासली, आणि होता होता खरंच एका प्रवासी बोटीच्या भटारखान्यात लागला.

शहाऐंशीच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं. तुळसाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून देवी डॉक्टरांनी ओटीवर बसून मोठ्यानं वाचलं.

“तीर्थरूप मामा व सौ. मामीस बाबल्याचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, कंपनी आम्हाला आईबापांसाठी वर्षातून एकदा सवलतीत दोन जागा देते. मला आईबाप तुम्हीच, असं मी सायबाला सांगितलं, सायबानं लिहून घेतलं. बोट तीन फेब्रुवारीला मुंबई सोडते. माहे, मोंबासा, झांजीबार करून चोवीस दिवसांनी परत. झांजीबारला लवंगा स्वस्त मिळतात, मामीला सांगा. पासपोर्टाचं मागच्या वर्षी करून ठेवलंय, ते उपयोगी पडलं. आता फक्त सुया. यलो फिवरची पाहिजेच पाहिजे. ती घेतल्याचं पिवळं पुस्तक नसेल तर बोटीवर चढू देत नाहीत. ती चोवीस तारखेपर्यंत घ्या, कारण पुस्तक दहा दिवसांनी लागू होतं. कॉलऱ्याची कंपनीचा नियम म्हणून. टायफॉइडची डॉक्टरला विचारून. देवीची आता कुठंच विचारत नाहीत मामा, म्हणजे बघा, तुमचं खातं तुमच्या आधी रिटायर झालं!”

तुळसाबाईंनी पत्र हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाल्या, “म्हंजे आपण बोटीत बसायचा?”

“व्हय.”

“मी पण?”

“दोन जागा हायत गो. दुसऱ्या जागेवर काय गाठोडा ठेवू?”

तुळसाबाई उठल्या आणि ट्रंक उघडून त्यांनी हिरव्या काठांचं लुगडं काढलं. ते लेकीच्या लग्नानंतर बाहेर आलं नव्हतं. अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकलं आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. गेली सदतीस वर्षं नवरा सकाळी जायचा आणि चार दिवसांनी यायचा. त्यांनी मात्र रत्नागिरीचा बाजार आणि गणपतीपुळे सोडून काही बघितलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्या दिवशी सबंध जगात एकट्या देवी डॉक्टरांना ठाऊक होती. त्यांनी जन्मात एकही सुई टोचून घेतलेली नव्हती.

लहानपणी गावात टोचणारा आला तेव्हा केरू फणसावर चढून बसला होता, तो संध्याकाळी उतरला. डाव्या दंडावर पुढं एक गळू झालं, फुटलं आणि बरं झालं. त्याचा व्रण बरोबर जागच्या जागी उठला, गोल आणि सुबक. नोकरीला लागताना मोठ्या साहेबानं बाही वर करून बघितली, मान हलवली आणि कागदावर लिहिलं: टोचलेला. नंतर दर तीन वर्षांनी खात्यातल्या माणसांनी स्वतः टोचून घ्यायचं असे. त्याची नोंद केरू बंडबे स्वतःच ठेवत. दुसऱ्याच्या दंडाकडे बघताना त्यांचा हात दगडासारखा स्थिर असायचा. पण तीच सुई आपल्याकडे वळलेली नुसती मनात आणली, की कानांत गूं व्हायचं. बायकोला हे सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. सगळा तालुका ज्याच्या धीरावर दंड पुढं करत होता त्यानं हे सांगायचं तरी कसं?

आणि आता मोंबासा हाका मारत होतं, पण मधे सुई उभी होती.

रत्नागिरीला डॉक्टर करमरकरांकडे दोघं गेले. करमरकरांना प्रत्येक वाक्याआधी “असं बघा” म्हणायची सवय. ते नसेल तर त्यांची गाडी सुरूच होत नसे.

“असं बघा, यलो फिवर माझ्याकडे नाही. मुंबईच्या सरकारी केंद्रावरच. मंगळवारी आणि शुक्रवारी. असं बघा, कॉलऱ्याचा फार उपयोग नाही, पण कंपनी मागते तर द्यावी. टायफॉइड मी सांगेन घ्याच. बंदरातलं पाणी कुणी बघितलंय? आणि असं बघा, मलेरियाच्या गोळ्या निघायच्या आठवडाभर आधीपासून.”

“भात चालतो काय वो त्याच्यावर?” तुळसाबाईंनी विचारलं.

“चालतो. अंडं खाऊन कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का? पिवळ्या लशीआधी ते विचारतात.”

“अंडा खाऊन नाय. जावेचं बोलणं ऐकून उठतात.”

करमरकर हसले आणि त्यांनी सुई उकळायला लावली. तुळसाबाईंनी बाही वर केली, भिंतीवरच्या तारखांकडे बघत राहिल्या, आणि दोन्ही सुया झाल्या तरी तशाच बघत होत्या.

“आता तुम्ही.”

“माझं खात्यातलं चालू आहे,” देवी डॉक्टर खणखणीत आवाजात म्हणाले. “कार्ड घरी आहे. आणतो पुढच्या वेळी.”

“असं बघा बंडबे, तुम्ही काय, आमच्यातलेच,” असं म्हणून करमरकरांनी हात धुतले.

पुढले पंधरा दिवस मोठे गोड गेले आणि मोठे वाईट गेले. काजू मोहरला होता. दुपारी खळ्यात चटई टाकून देवी डॉक्टर पडत आणि डोळे मिटत. की लगेच परसातल्या माडांच्या वरून एक पांढरी बोट यायची, अगदी हळू, झावळ्यांना धक्का न लावता. तिच्या कठड्याला टेकून तुळसा उभी असायची, हिरव्या काठांत. खाली माहेचं बंदर, पाणी इतकं स्वच्छ की तळाला चालणाऱ्या खेकड्याच्या पायांची सावली दिसावी. लवंगांचा वास. कुणीतरी शिडी सोडायचं. ते एकेक पायरी चढत जायचे, चढत जायचे, आणि शेवटच्या पायरीवर टेबल टाकून एक माणूस बसलेला असायचा. त्याला तोंड नव्हतं. हातात मात्र सुई. देवी डॉक्टर दचकून उठत, तर अंगावर काजूच्या मोहोराचा सडा पडलेला आणि तुळसाबाई उजवा हात दुखतो म्हणून डाव्या हातानं मसाला वाटत असलेल्या.

“मुंबईस कधी जायचा? पिवळीसाठी?”

“जाऊ की. शुक्रवारी.”

गुरुवारी निघायची वेळ आली. “आज येष्टीला गर्दी असंल. मंगळवारी जाऊ.” मंगळवारच्या आदल्या दिवशी त्यांची पाठ धरली, ती पुढचा शुक्रवारही घेऊन गेली. मग राहिली एकवीस तारीख, नाहीतर चोवीस. त्यापुढं बोट नाही.

एकवीसला तुळसाबाई सकाळी न्हाऊन आल्या आणि म्हणाल्या, “आज देवीचा वार हाय. मुंबईस शुक्रवारी जाऊया. आज कौल घेऊन टाकू. समुद्र उतरून जायचा, तर तिला न इचारता कसा जायचा?”

देवी डॉक्टरांना एकदम हलकं वाटलं. कौलावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. नोकरीत याच कौलांनी त्यांना छळलं होतं. एकेका वाडीनं डावा कौल दाखवून त्यांना दारातून परत पाठवलं होतं. पण आज मनाच्या अगदी तळाशी एक केरू फणसावर चढून बसला होता आणि म्हणत होता, पड गो बाई, डावा पड.

वाघजाईच्या देवळात गुरव आप्पा सोवळ्यानं तयार होते. वाडीतली दहाबारा माणसं जमली होती, कारण मोंबासाला जाणाऱ्याचा कौल काही रोज नसतो. आप्पांनी पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्यांनी गाऱ्हाण्याचा तो नाकातला लांब सूर लावला.

“व्हय गे आई वाघजाई! हा तुझा लेकरू केरू आणि ही तुळसा, आज पाण्यावरून परमुलखाला जायाचा म्हणतायत. तर त्यांनी ती कॉलऱ्याची सुई घेतली ती बरी केली काय गे माये? बरी केली तर उजवी दे!”

उजवी टपकन पडली. टायफॉइडला तर आप्पांचा सूर संपायच्या आत पडली. लोक खूश. रघू शिंपी म्हणाला, “देवीला इंग्लिश नावांचा सराव झाला बघा.”

मग पिवळी. आप्पांनी नव्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. समईची वात तडतडली. पाकळ्या जागच्या जागी. आप्पांनी पुन्हा साद घातली. बराच वेळ गेला, आणि डावी पाकळी सुटून सावकाश खाली आली.

देवी डॉक्टरांच्या छातीवरून धोंडा उतरला. सुटलो! आता देवीचंच नाही म्हटल्यावर माझ्याकडे बोट कोण दाखवणार? त्यांनी दुःखी चेहरा करून तुळसाबाईंकडे बघितलं.

तुळसाबाई पाकळीकडे बघत होत्या. त्यांनी एकदाच डोळे मिटले, उघडले, पदर नीट केला आणि मान हलवली. दुकानदारानं ‘संपलं’ म्हटल्यावर गिऱ्हाइकानं पिशवी घडी करावी तशी. ते बघून देवी डॉक्टरांचा मुद्दाम केलेला दुःखी चेहरा खरा झाला.

आप्पा मात्र रिवाजाला पक्के. डावा कौल आला की तिथंच थांबायचं नसतं, कारण विचारायचं असतं. “आई, कायतरी चूकभूल झालीय काय? कुणी पोटात कायतरी ठेवलंय काय? ठेवलं असंल तर उजवी दे!”

उजवी पडली. टप्प.

झालं! देऊळ बोलायला लागलं. कमलाबाई म्हणजे तुळसाबाईंची जाऊ, त्या पहिल्या. “मी सांगत नव्हते? गेल्या शिमग्याला पालखीपुढं कोंबा दाखवायचा राहिला ह्यांचा!” रघू म्हणाला, “कोंबा नाय, कमलाकाकू, बांधावरचा आंबा. त्यो आंबा आमच्या हद्दीत येतो आणि कैऱ्या हे खातात.” एक म्हातारा बहिरा होता, तो म्हणाला, “कोण मेला?” आप्पा गंभीर आवाजात एकेक चूक देवीपुढं ठेवू लागले. कोंब्याला पाकळी हलली नाही. आंब्यालाही नाही.

“तर मग काय गे आई?” आप्पा घामाघूम.

“थांबा,” देवी डॉक्टर म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही कोण बोललं.

“पोटात मी ठेवलंय. मी कधी टोचून घेतलेला नाय. एकदा पण नाय. ह्यो व्रण गळवाचा हाय. मला... मला भ्या वाटता सुईचा.”

जे हसू फुटलं, त्यानं देवळाच्या कौलांवरचे पारवे उडाले. रघू शिंप्याला तर उभं राहवेना, खांबाला धरून तो देवी डॉक्टरांच्याच आवाजात, त्यांच्याच हेलात म्हणाला, “मीट डोळे! मिटलांव? आता तुमी बोटीत बसलांव हां! भोंगा ऐकलांव?” सगळं देऊळ एका सुरात ओरडलं, “नाय? मग नीट ऐका की!” ज्यांनी ज्यांनी त्या मांडीवर बसून रडं केलं होतं, ते सगळे आज वसुली करत होते. कमलाबाई म्हणाल्या, “शुक्रवारी मी पण येतंय मुंबईस. धरायला!” देवी डॉक्टरही मग हसायला लागले. चाळीस वर्षांचं ओझं असं हसण्यावारी जातंय, हे त्यांना खरं वाटेना.

तुळसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या.

“खानवलीच्या वाडीत देवीची साथ आलेली, त्या साली,” त्या हळू म्हणाल्या. “तुमी आठ दिवस तिथं होतांव. त्या घरांत. पोरांना उचलत होतांव.”

“व्हय.”

“असेच?”

“असाच.”

“आणि मी इथं लोकांना सांगत होते, त्यांना काय व्हायचा नाय, त्यांना टोचलेला हाय.” त्यांनी नवऱ्याच्या दंडावरच्या व्रणाकडे बघितलं. “माझी लेक तेव्हा पाळण्यात होती.”

त्या वळल्या आणि देवळातून बाहेर पडल्या. हसणं हळूहळू थांबलं. आप्पांनी पाकळ्या बदलण्यासाठी हात पुढं केला, मग तसाच मागे घेतला. पुन्हा विचारायची गरज आहे असं कुणालाच वाटलं नाही.

तीन दिवस तुळसाबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर, बोलणं बंद. पण बुधवारी गाठोडं बांधलं गेलं आणि गुरुवारी सकाळच्या येष्टीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. देवी डॉक्टर त्यांच्या शेजारी. घाट आले, गेले. ते एकदा म्हणाले, “वारा लागतो काय गो?” तुळसाबाईंनी खिडकीची काच ओढून घेतली. त्यांना सुईची भीती वाटत होतीच, पण आता या गप्प बसण्याची भीती तिच्यापेक्षा मोठी झाली होती, आणि त्या मोठ्या भीतीच्या आडोशाला धाकटी जरा मुकाट बसली होती.

शुक्रवारी केंद्रावर लांब बाक, बाकावर खलाशी, नर्सा, आफ्रिकेत नोकरीला निघालेले मिस्त्री. टेबलाशी एक तरुण डॉक्टरीण. तुळसाबाई आधी गेल्या आणि मिनिटात बाजूला झाल्या.

“बाबा, तुम्ही. याआधी कुठल्या लशी घेतल्यात?”

देवी डॉक्टरांनी बाही वर केली. मागे बायको उभी होती. “कुठलीच नाय.”

“कुठलीच नाही? काम काय करायचात?”

“टोचायचो.”

तिनं मान वर करून नीट बघितलं, पण हसली नाही. “यलो फिवर तर द्यायचीच. कंपनीला कॉलराही हवी आहे. वेळ थोडा आहे, तर आजच देऊन टाकू. टायफॉइडचं तुम्ही ठरवा. तिन्ही एकदम घेतल्या तर ताप येईल, हात जड होतील.”

देवी डॉक्टरांनी मागे वळून बघितलं. तुळसाबाईंनी हात वर करून तीन बोटं दाखवली.

“तिन्ही,” देवी डॉक्टर म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. कसं करतात ते बघायचं ठरवलं. पोरीचा हात चांगला होता, कोन बरोबर होता, फक्त कापूस जरा कमी ओला. पहिली गेली तेव्हा कानांत गूं झालं. दुसरीला भिंत जरा हलली. तिसरीच्या वेळी ते घामानं भिजले होते, पण खुर्चीवरच होते. “झालं,” ती म्हणाली, आणि पिवळ्या पुस्तकात लिहून शिक्का मारला. शिक्क्याखाली तारीख होती: तीन फेब्रुवारीपासून लागू.

अर्धा तास बाकावर बसून राहायला सांगितलं होतं. दोघं बसले. पंखा फिरत होता. देवी डॉक्टरांचे दोन्ही हात मांडीवर परक्यासारखे पडले होते. डोकं हलकं झालं होतं, आणि पंख्याच्या वाऱ्यात त्यांना वाटलं, बाकच सुटलाय, हळूहळू दाराबाहेर निघालाय, रस्त्यावरून, गोदीवरून, निळ्या पाण्यावरून, खलाशी आणि नर्सा आणि मिस्त्री सगळ्यांना घेऊन.

“दुखतंय?” तुळसाबाई म्हणाल्या.

तीन दिवसांतला पहिला शब्द होता तो. देवी डॉक्टरांनी खरं सांगितलं. “लय.”

“बरा झाला.”

बाहेर चहावाला हाळी देत गेला. तुळसाबाई उठल्या, दोन कप घेऊन आल्या. देवी डॉक्टरांच्या हातांना कप पेलेना, म्हणून तुळसाबाईंनीच एक त्यांच्या तोंडाशी धरला.

“झांजीबारला लवंगा सोस्त मिळतात म्हणे. बाबल्यानं लिहिलेला.”

“मिळतात.”

“किती आणूया? कमलाबाय मागणार. आप्पांना द्यायला हव्यात. रघूला नको.”

“रघूला पण द्यायला हव्यात गो.”

“बरा, चार पुड्या,” तुळसाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या मिशीला लागलेला चहा पदरानं पुसला.